तोतरेपणा: आधी लपवणं कमी करा, मग तंत्र शिका

तोतरेपणावर सल्ला द्यायला आपल्याकडे कोणीही मागेपुढे पाहत नाही. सावकाश बोल, दीर्घ श्वास घे, तोंडात गोट्या धरून वाच, मधातून वेखंड चाट, अक्कलकाढा चघळ. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, पण या सगळ्या सल्ल्यांचं मूळ एकच असतं: अडखळणं कोणाला ऐकू येता कामा नये. मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलतो. अडखळण्यापेक्षा ते लपवायची धडपड माणसाला कितीतरी जास्त दमवते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लेखात मोठ्या माणसांसाठीचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी कारण समजून घ्यायचं, मग लपवणं कमी करायचं आणि जीभ-ओठांची तंत्रं त्यानंतर. लहान मुलांची वाट वेगळी आहे, ती मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे.

नेमकं काय होतंय ते ओळखा

तोतरेपणा तीन तऱ्हांनी दिसतो. अक्षर पुन्हा पुन्हा येतं, "पा-पा-पाणी". आवाज लांबतो, "सऽऽऽकाळी". किंवा जीभ जागेवर पोचलेली असते, शब्द डोक्यात स्पष्ट असतो आणि आवाजच फुटत नाही. या तिसऱ्या प्रकाराला वाचा-उपचार करणारे थेरपिस्ट 'ब्लॉक' म्हणतात आणि मोठ्या माणसांना बहुधा तोच जास्त छळतो. डोळे मिटणं, मान झटकणं, मांडीवर थाप मारणं, प्रत्येक वाक्याआधी "म्हणजे" किंवा "ॲक्च्युअली" लावणं या नंतर जडलेल्या सवयी असतात. कधीतरी त्यांच्यामुळे शब्द सुटला, म्हणून त्या चिकटल्या. बोबडं बोलणं, म्हणजे 'र'ला 'ल' म्हणणं, ही वेगळी अडचण. अक्षरं एकमेकांत मिसळतील इतकं भरभर बोलणं हीसुद्धा वेगळी. त्यांचे उपायही वेगळे.

ओळख पटवायला मोबाइलचं रेकॉर्डिंग पुरतं. एकट्याने वर्तमानपत्र वाचताना, घरच्यांशी बोलताना आणि एखाद्या दुकानात फोन करताना, असं तीनदा फक्त स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. ऐकताना "किती वेळा अडखळलो" हे मोजत बसू नका. कोणत्या आवाजाला अडकलो, तेव्हा शरीराने काय केलं आणि कोणता शब्द बदलून दुसराच वापरला, एवढं लिहून काढा. एकट्याने वाचताना बऱ्याच जणांना जवळजवळ काहीच अडथळा येत नाही. यावरूनच कळतं की जिभेत काही बिघाड नाही.

कारणं

तोतरेपणा साधारण २ ते ५ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, म्हणजे मूल दोन शब्दांवरून लांब वाक्यांवर येतं त्या काळात. सुमारे ५ टक्के मुलं या टप्प्यातून जातात, त्यांतली बहुतेक आपोआप किंवा थोड्या मदतीने बाहेर पडतात आणि मोठ्यांमध्ये हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उरतं. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ होती. म्हणजे या शहरात लाखाहून जास्त माणसं अडखळत बोलत असणार. लहानपणी मुलगे आणि मुलींमधला फरक कमी असतो, पण मुली जास्त प्रमाणात बऱ्या होतात. त्यामुळे मोठेपणी एका बाईमागे साधारण चार पुरुष असं प्रमाण दिसतं.

मुळाशी आनुवंशिकता आणि मेंदूची घडण आहे. घरात काका, आजोबा किंवा मामा अडखळत असेल तर मुलामध्ये शक्यता वाढते. २०१०मध्ये संशोधकांनी तोतरेपणाशी संबंधित तीन जनुकांमधले बदल प्रसिद्ध केले आणि पुढे आणखीही सापडले. मेंदूच्या प्रतिमांमध्ये डाव्या बाजूच्या भाषेच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंत आणि हालचालींची वेळ साधणाऱ्या भागांत फरक दिसतो. बोलताना श्वास, स्वरतंतू, जीभ, जबडा आणि ओठ यांना सेकंदाच्या छोट्याशा भागात एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. ही जुळणी अडखळणाऱ्या माणसात सहज निसटते.

म्हणूनच गणपतीत आरतीला उभा राहिलेला, एरवी स्वतःचं नाव सांगताना अडकणारा मुलगा टाळ्या वाजवत पूर्ण आरती खणखणीत म्हणतो. वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणतानाही तो अडखळत नाही. गाताना किंवा सामूहिक पठणात ताल बाहेरून मिळतो, शब्द ठरलेले असतात आणि एकट्यावर कोणाचं लक्ष नसतं. "आरती म्हणताना बरं जमतं, मग बोलताना नाटकं का?" हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. यात नाटक अजिबात नाही.

आता जे कारण नाही त्याबद्दल. आईवडिलांचं वागणं, एखाद्या तोतऱ्या मुलाची नक्कल, जिभेखालची तार, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, यांपैकी कशामुळेही तोतरेपणा होत नाही. शाळेसाठी घरातली मराठी बंद करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नका. ताण, घाई आणि थकवा यांनी अडखळणं वाढतं हे खरं, पण वाढवणारी गोष्ट आणि मूळ कारण यांत फरक आहे. १९३९मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अनाथाश्रमातल्या काही मुलांना "तुमचं बोलणं चुकतंय" असं सतत सांगण्याचा प्रयोग झाला. ज्यांचं बोलणं आधी नीट होतं त्यांतली काही मुलं बोलायलाच कचरू लागली. विद्यापीठाने २००१मध्ये त्याबद्दल माफी मागितली. टोकल्याने मूल काय शिकतं, हे यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवू नये.

एक अपवाद लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचं बोलणं अचानक अडखळू लागलं, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, नवीन औषध सुरू केल्यावर किंवा सोबत तोंड वाकडं होणं, हातपाय जड पडणं असं काही दिसलं, तर सराव-बिराव बाजूला ठेवा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

मूल लहान असेल तर

थांबायचं की दाखवायचं, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं असेल, घरात आणखी कोणी अडखळत असेल, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली असेल, किंवा मूल ताण देऊन बोलत असेल, "मला बोलता येत नाही" म्हणत असेल, तर "मोठा झाला की सुटेल" म्हणून वाट पाहू नका. मूल स्वतःच अस्वस्थ असेल तर सहा महिनेही थांबायची गरज नाही.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण मुंबईतल्या घरात त्यांना जागा काढावी लागते. आईबाबा आठ वाजता लोकलमधून उतरून येतात, तोवर टीव्ही चालू असतो, कुकर लागलेला असतो आणि मुलाला दिवसभराचं सगळं एका दमात सांगायचं असतं. अशा वेळी रोज पाच-दहा मिनिटं टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि एकच मोठं माणूस मुलाबरोबर जमिनीवर बसलेलं, एवढं ठरवा. त्या वेळात तुम्ही स्वतः सावकाश बोला, वाक्यांमध्ये जरा थांबा, प्रश्नांची सरबत्ती करू नका. मुलाला "सावकाश बोल" सांगण्यापेक्षा आपला वेग कमी करणं जास्त कामाला येतं. तो अडकला की शब्द पुरा करू नका, नजर फिरवू नका, तो काय सांगतोय त्याला उत्तर द्या. तो स्वतःच वैतागला तर "हा शब्द जरा अवघड गेला ना, असू दे, सांग पुढे" असं मोकळेपणाने म्हणा. पाहुण्यांसमोर कविता म्हणायला उभं करणं थांबवा. आजीला हे पटवणं कदाचित सगळ्यांत अवघड जाईल, पण आजीलाच त्या पाच मिनिटांची जबाबदारी दिली तर तिच्याइतका निवांत वेळ घरात दुसऱ्या कोणाकडे नसतो.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'लिडकम' नावाची, सिडनीत विकसित झालेली पद्धत आहे. तिच्यात पालकच रोज घरी, ठरलेल्या रीतीने, मुलाच्या सुरळीत बोलण्याचं कौतुक करतात. ती थेरपिस्टकडून शिकूनच करायची, व्हिडिओ पाहून नाही, कारण कौतुक कधी, किती आणि कोणत्या शब्दांत यावरच सगळं अवलंबून आहे.

थेरपिस्ट कसा निवडायचा

वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् आणि श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था तपासणी आणि उपचारांबरोबर या विषयाचे अभ्यासक्रमही चालवते. महापालिकेच्या नायर रुग्णालयातही वाचा-उपचाराचं शिक्षण आणि उपचार दोन्ही होतात. जायच्या आधी ओपीडीचे दिवस आणि वेळ विचारून घ्या. खासगी थेरपिस्ट गाठत असाल तर बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण या विषयातली पदवी) किंवा त्यावरची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. तो विचारण्यात संकोच नको. मग तीन प्रश्न विचारा. तोतरेपणाचे किती जण तुमच्याकडे येतात? उपचाराचं उद्दिष्ट काय ठरवता? खोलीबाहेर, फोनवर, रस्त्यावर सराव करून घेता का? तिसऱ्याला "नाही" असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे जाईन. थेरपिस्टच्या खोलीत सगळेच बरं बोलतात.

"पंधरा दिवसांत कायमचा बरा" अशी जाहिरात करणाऱ्याला पैसे देऊ नका. अमेरिकेच्या औषध नियामकानेही खास तोतरेपणासाठी म्हणून आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. स्वतःचा आवाज किंचित उशिरा कानात ऐकवणारी उपकरणं आणि ॲप काहींना मदत करतात, पण अनेकांच्या बाबतीत सवय झाली की परिणाम ओसरतो.

मोठ्यांसाठी पहिली पायरी: लपवण्याची यादी

जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येतं ते टोक, बाकी भीती, लाज आणि टाळाटाळ पाण्याखाली. तुमच्या पाण्याखालचं काय आहे ते कागदावर उतरवा. दादरचं तिकीट मागताना "दादर" फुटत नाही म्हणून "माटुंगा" म्हणणारे, आणि मग दादरला उतरताना जीव मुठीत धरणारे लोक मला माहीत आहेत. मिसळ खायची असते पण तोंडातून वडापाव येतो, कारण 'व' सोपा जातो. मीटिंगमध्ये उत्तर ठाऊक असूनही हात वर जात नाही. फोन वाजत राहतो आणि नंतर व्हॉट्सॲपवर "मीटिंगमध्ये होतो" असा निरोप जातो. रेल्वे तिकिटाचं ॲप, जेवण मागवायची ॲप या मोठ्या सोयी आहेत, पण आपल्यासारख्याला त्यांनी न बोलता दिवस काढायची मुभा दिली आहे आणि न बोललेल्या प्रत्येक दिवशी भीती थोडी वाढते.

यादी झाली की तिच्यातली सगळ्यात हलकी गोष्ट निवडा. मुंबईत सरावाला जागा भरपूर आहेत, फक्त वेळ पाहून जा. सकाळी नऊला तिकीट खिडकीवर मागची रांग अंगावर येते, दुपारी दोनला तीच खिडकी निवांत असते. बेस्टमध्ये कंडक्टरला "एक वांद्रे स्टेशन" सांगा. वाण्याकडे वस्तूकडे बोट न दाखवता तिचं नाव घ्या. नियम एकच: ठरवलेला शब्द बदलायचा नाही. अडखळलात तरी तोच शब्द पूर्ण करायचा. सुरळीत बोललात की नाही याला गुण नाहीत, शब्द बदलला नाही याला आहेत. ही गोष्ट कंटाळवाणी वाटेपर्यंत करा आणि मग यादीतल्या पुढच्या गोष्टीकडे जा. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत करा, कारण हे शहर तिन्ही भाषांत बोलायला लावतं आणि अडखळणं प्रत्येक भाषेत थोडं वेगळं असतं.

दुसरी पायरी: सांगून टाकणं

एक वाक्य तयार ठेवा आणि ते माफीच्या सुरात म्हणू नका. "मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ द्या." बस. हे आधीच सांगितलं की समोरचा गोंधळत नाही आणि लपवायचं ओझंही उतरतं. हृतिक रोशनने लहानपणापासूनच्या आपल्या अडखळण्याबद्दल आणि त्यासाठीच्या सरावाबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. ज्याचं पोट बोलण्यावर आहे त्याने ते उघड केलं, याचा अनेक मुलांना आधार वाटला असेल.

याच्या पुढचा भाग म्हणजे मुद्दाम अडखळणं. ऐकायला उलटं वाटतं, पण माझ्या मते या लेखातला सगळ्यात उपयोगी सराव हाच. ज्या शब्दाची भीती नाही अशा शब्दावर, आपल्या मर्जीने, सैलपणे अडखळायचं. फलाटावर कोणाला तरी विचारा, "ही गाडी ठा-ठा-ठाण्याला थांबते का?" आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा. बहुतेक माणसं इंडिकेटरकडे मान वळवतात आणि "हो, थांबते" म्हणतात. एखादा हसतोही, मागून कोणी "अरे जल्दी बोल ना" म्हणतो. तेही सहन होतं, हे शरीराला कळावं लागतं, आणि ते अनुभवाशिवाय कळत नाही.

तिसरी पायरी: जीभ आणि ओठ सैल करणं

आता तंत्र. आरशासमोर बसा आणि "दादर" मुद्दाम घट्ट अडकवून म्हणा. 'द'साठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. ब्लॉकमध्ये ते नुसतं टेकत नाही, दाबलं जातं, त्याच वेळी गळा आवळतो आणि पोट कडक होतं. तसंच दोन सेकंद थांबा. ताण कुठे कुठे आहे ते शोधा. मग जीभ न उचलता फक्त दाब कमी करा, अर्धा, मग त्याच्याही अर्धा, आणि जीभ हलकी झाली की "दाऽ" सोडा. 'प', 'ब' यांना ओठांचा दाब असाच उतरवा, 'क', 'ग' यांना जिभेच्या मागच्या भागाचा. "अंधेरी"सारखा स्वराने सुरू होणारा शब्द गळ्यातच अडकतो. तिथे आधी किंचित हवा सोडायची आणि तिच्यावरच आवाज हळू सुरू करायचा.

हे बोलताना वापरायचा क्रम चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञाने घालून दिला. तो स्वतः अडखळत बोलायचा. आधी 'कॅन्सलेशन': शब्दावर अडकलात, कसाबसा तो पूर्ण झाला, की तिथेच दोन-तीन सेकंद थांबा आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणा. हे अंगवळणी पडलं की 'पुल-आउट', म्हणजे अडकलेले असतानाच आरशासमोर केलं तसा दाब उतरवून बाहेर पडणं. अवघड शब्द येतोय हे कळताच आधीपासून जीभ हलकी ठेवणं हे शेवटी. बहुतेक लोक थेट शेवटाला हात घालतात आणि आठवड्यात सोडून देतात. क्रम पाळा.

श्वासाबद्दल एवढंच: छाती फुगवून मोठा श्वास घेतला तर गळा आणखी आवळतो. नेहमीचा श्वास घ्या आणि तो बाहेर पडू लागताच बोलायला सुरुवात करा. बरेच जण आधी सगळी हवा सोडून देतात आणि मग रिकाम्या छातीने बोलू पाहतात.

फोन, मुलाखत, शाळा

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून ब्लॉकमधली शांतता समोरच्याला लाइन कट झाल्यासारखी वाटते आणि तो "हॅलो, हॅलो" करत ठेवून देतो. त्यामुळे पहिलं वाक्य "हॅलो, मी अडखळत बोलतो, लाइनवर राहा" हेच असू द्या. सुरुवात अशा फोनपासून करा ज्यात काहीच पणाला लागलेलं नाही: मेडिकलवाल्याला अमुक औषध आहे का, नाट्यगृहात प्रयोग किती वाजता. ओळीने चार-पाच फोन केले की पाचव्याला हात थरथरत नाही.

स्वतःचं नाव सगळ्यात अवघड जातं, कारण त्याला दुसरा शब्द नसतो. मुलाखतीची तयारी म्हणून तेच नाव पुल-आउटने, आरशासमोर आणि मित्रासमोर, म्हणत राहा. जमलं तर एचआरला आधी मेल करून कळवा की तुम्ही अडखळता आणि उत्तराला थोडा जास्त वेळ लागेल.

शाळेत हजेरी आणि तोंडी परीक्षा या दोन जागा मुलाला आठवडाभर छळतात. बाईंना किंवा सरांना भेटून साध्या गोष्टी मागा: हजेरीला नुसता हात वर केला तरी चालावं, वाचन शेजारच्या मुलाबरोबर जोडीने व्हावं, तोंडी परीक्षा वर्गासमोर न होता स्टाफरूममध्ये व्हावी आणि घड्याळ लावू नये. मुलाला मात्र बोलण्यातून पूर्ण सूट मागू नका. काय सोयीचं जाईल हे आधी त्यालाच विचारा.

द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनशी जोडलेले स्वमदत गट अनेक शहरांत आहेत, मुंबईतही आहेत आणि ऑनलाइन बैठकाही होतात. पहिल्यांदा फक्त ऐकायला बसलात तरी चालतं. खोलीतला प्रत्येक जण अडखळतोय आणि कोणीही घाईत नाही, असा तास बहुतेकांनी पूर्वी कधी अनुभवलेला नसतो.

वाईट आठवडा येतो तेव्हा

तोतरेपणात चढउतार असतातच. महिनाभर छान गेल्यावर एखाद्या सोमवारी स्वतःच्या सोसायटीचं नाव सांगता येत नाही. अशा वेळी बरेच जण थेरपिस्ट बदलतात, नाहीतर पुन्हा शब्द बदलायला लागतात. दोन्ही नको. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका, झोप पुरेशी घ्या, यादीतल्या दोन पायऱ्या खाली या आणि तिथला सोपा सराव रोज करा. दिवसातून निदान एकदा मुद्दाम अडखळा. रात्री वहीत तीन गोष्टी लिहा: आज कोणता शब्द बदलला, कोणता बदलला नाही आणि उद्या कोणाला फोन करायचा. असे दोन-तीन आठवडे लागोपाठ गेले, किंवा बोलणं टाळण्यासाठी कामावर, कॉलेजला जाणंच बंद होऊ लागलं, तर थेरपिस्टची पुढची वेळ अलीकडे घ्या आणि ती वही बरोबर न्या.